शिक्क्यापुरतं दुःख

कॉलेजात मन मोकळं करण्याची सोय झाली ती खेळाच्या सामानाच्या खोलीत. दुसरी खोली रिकामी नव्हती. चेंडू, जाळ्या, भाले असं सगळं जिन्याखाली हलवलं, पण उंच उडीची गादी काही केल्या दारातून बाहेर निघेना. ती मुळात आत कशी गेली होती हे कुणालाच आठवत नव्हतं. शेवटी प्राचार्य स्वतः आले, गादीकडे दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या. मुलं तिच्यावर बसतील. मऊ तर आहे."

तेव्हापासून ज्याला काही सांगायचं असेल तो त्या गादीवर बसायचा, आणि बसला की हळूहळू आत जायचा. गुडघे हनुवटीला लागायचे. समोर लाकडी खुर्चीवर बसलेल्या समुपदेशक बाई त्याला टेकडीवर बसल्यासारख्या दिसायच्या. बाईंनी दुसऱ्याच दिवशी खुर्ची बाहेर काढली आणि त्याही गादीच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागल्या. त्यामुळे एक झालं. उठताना दोघांनाही सारखेच कष्ट पडायचे आणि दोघांनाही हसू यायचं. इस्पितळात बरीच वर्षं नोकरी केलेल्या बाईंना ठाऊक होतं, की माणूस हसला की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं मात्र पुढे वर्षभर पुरतं.

गणिताच्या बाई, ग्रंथालयाच्या बाई, तशा मुलांनी यांना 'मनाच्या बाई' करून टाकलं.

सुरुवातीला मनाच्या बाईंकडे मोजकीच मुलं आली. खोलीचं दार नेमकं फी भरायच्या खिडकीसमोर होतं. आत जाणाऱ्याकडे रांगेतलं प्रत्येक डोकं वळायचं, आणि बाहेर येणाऱ्याचे डोळे लाल आहेत का ते बघायला तर रांगच मोडायची. तरीही जी आली ती खरोखरची आली होती. बाईंचं त्यांच्याशी बरं चाललं होतं.

मग दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजातली एक वाईट बातमी पेपरात आली आणि इथल्या संचालक मंडळाला घाम फुटला. तातडीची बैठक झाली. थोड्याच मुलांची मनं मोकळी झालीत आणि बाकीची सगळी तुंबलेली आहेत, हे कुणीतरी रंगीत तक्त्यावर दाखवलं. तक्त्यात तुंबलेला भाग लाल होता आणि फार मोठा होता. त्यात परीक्षेआधी तपासणी समितीही येणार होती. मग ठरलं, की प्रत्येक विद्यार्थ्याने हजेरी क्रमांकाप्रमाणे यायचं आणि मन मोकळं करायचं. झालं की बाईंनी ओळखपत्राच्या मागे शिक्का मारून सही करायची. शिक्का नाही त्याला हॉलतिकीट नाही. शिक्का प्राचार्यांनी स्वतः पसंत केला. गोल, जांभळा, मधोमध 'मन मोकळे झाले' आणि भोवती कॉलेजचं नाव.

"ज्याला काही त्रासच नसेल त्याचं काय करायचं, सर?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"एखादा असतो मजेत. खातंय, पितंय, खेळतंय पोर. त्याने काय सांगायचं?"

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. मुलांचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटायचं, फक्त ते वेळापत्रकात बसेल अशा बेताने व्हावं एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. "बाई, निरंक चालणार नाही," ते म्हणाले. "निरंक दिसलं की समिती म्हणणार, तुम्ही नीट विचारलंच नाही."

यासाठी संगणक विभागाच्या सरांनी एक सॉफ्टवेअर करून दिलं. मुलाने आधी त्यात आपली समस्या टाइप करायची, मग बाईंसमोर बसून तीच तोंडाने सांगायची. मजकूर आखूड असला तर ते पुढे सरकायचं नाही. शिवाय मुलं एकमेकांचं उतरवतात हा सरांचा प्रयोगवह्या तपासण्याचा जुना अनुभव, म्हणून त्यांनी त्यात आणखी एक हुशारी घालून ठेवली होती. आधी कुणी लिहिलेलं दुःख पुन्हा आलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची: 'ही समस्या यापूर्वी नोंदवली गेली आहे. कृपया स्वतःची समस्या लिहा.'

पहिल्या आठवड्यातच 'अभ्यासाचा ताण' संपला. मग 'घरच्यांच्या अपेक्षा' संपल्या. 'मोबाइलचं व्यसन' तर दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही. राहिलेल्या मुलांची पाचावर धारण बसली. परीक्षा तोंडावर आलेली, आणि जवळ एक धड दुःख नाही.

"तू काय टाकणार आहेस रे?" कँटीनमध्ये एक जण विचारायचा.

"आजोबा गेले म्हणून टाकतो."

"आजोबा कधीच संपले. तुझ्याआधी तिघांचे गेलेत. आत्या आहे का बघ."

"आत्या आहे ना. तिच्याच घरी राहतो मी."

"मग राहू दे बाबा. ती डबा देते."

बाई गादीवर बसून ही सगळी मयतं ऐकत होत्या आणि शिक्के मारत होत्या. मनगट दुखायला लागलं होतं. मूल आत आलं की त्याच्या चेहऱ्याऐवजी आपण ओळखपत्र कुठल्या हातात आहे ते बघतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांना ते आवडलं नव्हतं. पण दाराबाहेर रांग होती. आता फीच्या खिडकीवरचे लोक या रांगेला नावं ठेवायचे.

दुसरा आठवडा उजाडला आणि अचानक दुःखांचा दर्जाच बदलला.

पहिला आला तो खांब. बास्केटबॉलच्या संघातला हा उंच, हसरा मुलगा, सगळं कॉलेज त्याला खांबच म्हणायचं. तो गादीत बुडाला, गुडघ्यांच्या मधून बाईंकडे बघितलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "सकाळी मी बूट घालतो, बाई. नाड्या बांधतो. मग पलंगाच्या कडेला बसतो. आता उठायचं, आता उठायचं, असं म्हणत बसतो. आणि मग संध्याकाळच होते."

बाईंचा शिक्क्याचा हात हवेतच थांबला.

दुपारी भोंगा आली. या मुलीचा आवाज मधल्या चौकातून तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा, म्हणून भोंगा. ती चक्क हळू आवाजात म्हणाली, "घरी फोन लावायच्या आधी मी एकटीच एकदा हसून बघते, बाई. हसू नीट लागलं तर फोन लावते. नाही लागलं तर थोडा वेळ थांबते. आणि मग संध्याकाळच होते."

दुसऱ्या दिवशी मामा. वयाआधी टक्कल पडायला लागलेला, पोटाने सुखवस्तू. "मेसच्या रांगेत मी मागच्याला म्हणतो, तू हो पुढे. मग त्याच्या मागच्याला. सगळे पुढे जातात आणि खिडकी बंद होते. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांना वाटतं, हा फार सभ्य आहे."

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या मेसची रांग डोक्यात घेऊनच. त्यांचा नवरा दातांचा डॉक्टर होता. जेवताना त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "आज कोण कोण दुखलं?"

"आज फार खोल दुखलं," बाई म्हणाल्या आणि मेसच्या रांगेचं सांगितलं. नाव न घेता.

नवरा चावायचा थांबला. "पोरगा बारीक झाला असेल मग."

"नाही रे. चांगला गरगरीत आहे. गादीतून उठवताना मला घाम फुटला."

"मग रोज जेवणाची खिडकी बंद होते ती कुणाची?" नवऱ्याने विचारलं. "माझ्याकडे कुणी म्हणालं, दाढ दुखतेय, आणि तोंडात दाढच नसली, तर मी विचारीन ना, की बाबा रे, नक्की कुणाची दुखतेय."

बाईंनी घास ताटात परत ठेवला. बुटांचा, फोनचा आणि रांगेचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर एकापाठोपाठ आला. भोंगा तर याच गावातली. आईच्या मागे स्कूटरवर बसून रोज कॉलेजला येणारी. ती घरी फोन कशाला लावेल? आणि तिच्या नि खांबाच्या तोंडी शेवट शब्दाला शब्द तोच. 'आणि मग संध्याकाळच होते.' दोन निरोगी पोरं एकाच ठिकाणी सारखी अडखळत नाहीत. सॉफ्टवेअरला ते कळलं नाही, कारण सॉफ्टवेअर दुःख निराळं आहे का बघत होतं. ते एकाच माणसाचं आहे का, हे त्याला कुणी बघायला सांगितलं नव्हतं.

सकाळी त्यांनी खांबाला गाठलं. मैदानाच्या कडेला, पाण्याच्या नळापाशी.

"तुझे बूट कुठे आहेत?"

खांबाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. चपला होत्या. "खेळायचे होय? बॅगेत आहेत, बाई."

"ते तू सकाळी पायात घालून पलंगावर बसतोस. संध्याकाळपर्यंत. मग काल दिवसभर या मैदानावर बोंबलत होतं ते कोण?"

खांबाने मान खाजवली. मग पकडलं गेल्यावर सुटल्यासारखं हसला. "कारखान्यातनं घेतलंय, बाई."

"कसला कारखाना?"

"आमच्या मजल्यावर एक जण आहे. त्याचं नावच आम्ही कारखाना पाडलंय. त्याला सांगायचं, मला एक बनवून दे. तो वर छताकडे बघतो आणि देतो. लगेच. निम्म्या वर्गाला त्यानेच पुरवलीत. एकासारखं एक नाही, लाल अक्षरं एकदासुद्धा आली नाहीत." खांबाच्या आवाजात अभिमान होता, आपल्या गल्लीतला पोरगा मोठा झाल्यासारखा. "तुम्हाला आवडलं ना माझं? मामा म्हणाला, बाईंना पाणी आलं डोळ्यांत."

"बदल्यात काय घेतो तो?"

"काही नाही. आम्हीच त्याची हजेरी लावतो, आळीपाळीने. नाव आलं की 'हजर' म्हणायचं, आवाज तेवढा बदलून. त्याला वर्गात यायचा कंटाळा आहे."

"कधीपासून येत नाही?"

खांब बोटांवर मोजायला लागला आणि मोजतच राहिला. नळ चालू होता तो त्याने बंद केला. "आम्हाला वाटायचं, लिहीत बसतो," तो म्हणाला.

"अरे, हे तुला सुचतं कुठून, असं तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का त्याला?"

"विचारलं ना. म्हणाला, कच्चा माल घरचाच आहे." खांबाचा आवाज बारीक होत गेला. "आम्ही फार हसलो होतो, बाई. तो आमच्या सगळ्यांत विनोदी आहे."

"आत्ता कुठे आहे?"

"खोलीवर असेल. कालच म्हणाला, आता शेवटची दोन-तीन राहिलीत, ती देऊन टाकतो आणि दुकान बंद."

इस्पितळात अशी वाक्यं बाईंनी ऐकली होती. काहींचा अर्थ नुसता कंटाळा असतो, काहींचा नसतो, आणि नुसतं ऐकून कोणतं कुठलं ते कळत नाही. विचारावं लागतं. समोर बसून.

मुलांच्या वसतिगृहात बाहेरच्या बाईमाणसाला परवानगीशिवाय जाता येत नसे, म्हणून त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या.

प्राचार्य खुशीत होते. "या, या. मी आत्ता तेच वाचत होतो. काय लिहिलंय मुलांनी. गेल्या आठवड्यात आपल्याकडे नुसता अभ्यासाचा ताण होता, आणि आता बघा. हे जेवणाच्या खिडकीचं तर मी घरी वाचून दाखवलं. समितीसमोर यातली निवडक पाच ठेवायची म्हणतोय. आवाज चांगला असलेली मुलं बघा."

"सर, ती खोटी आहेत."

प्राचार्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे ज्यांनी सांगितली त्यांची नाहीत. सगळी एकाच मुलाची आहेत, आणि त्याची खरी आहेत. मला वसतिगृहात जायचंय. आत्ता."

"नाव?"

बाईंनी खांबाकडून घेतलेलं खरं नाव सांगितलं. प्राचार्यांनी संगणकावर टाकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "अहो, हा तर आपला आदर्श विद्यार्थी. वर्षभरात एक खाडा नाही. याचा सत्कार आहे समितीसमोर, हार सांगून ठेवलाय. आणि हे बघा, पहिल्याच आठवड्यात शिक्का. सही तुमचीच. मोकळा झालाय तो, बाई."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना काही केल्या चेहरा आठवेना. पहिल्या आठवड्यात कुणीतरी गादीवर बसताना 'बाई, आम्ही खाली गेलो की दोरी टाका' असं म्हणालं होतं आणि त्या खूप हसल्या होत्या. तो असेल. हसता हसता शिक्का मारला असेल.

"मला पुन्हा भेटायचंय त्याला."

"तशी सोय नाही ना," प्राचार्य समजुतीने म्हणाले. "एका विद्यार्थ्याला सॉफ्टवेअर एकदाच मोकळं करतं. आणि वसतिगृहात जायचं तर अधीक्षकांचं पत्र, त्यांना माझं पत्र, मला तुमचा अर्ज. उद्या द्या, परवा करू. उलट तुमचंच राहिलंय. कर्मचाऱ्यांनीही समस्या भरायची असं परिपत्रक काढलं होतं मी. सगळ्यांचं आलं, शिपायांचंसुद्धा आलं, समुपदेशकांचंच नाही. बरं दिसतं का ते?"

"नाही दिसत," बाई उठल्या. "आत्ता जाऊन घेऊन येते."

पत्राचं परवावर राहिलं, आणि बाई खांबाला पुढे घालून वसतिगृहात शिरल्या. दारावरच्या अधीक्षकांनी हटकलं तेव्हा खांब म्हणाला, "मावशी आहे माझी." अधीक्षकांनी एकदा बाईंकडे आणि एकदा खांबाच्या उंचीकडे बघितलं. "सख्खी?" त्यांनी विचारलं, पण तोवर दोघं जिन्यावर होती.

वर्गाची वेळ असल्याने मजला रिकामा होता. कठड्यावर टॉवेल वाळत होते, एका दाराशी साबणाच्या पाण्याने भरलेली बादली होती. बाईंनी खांबाला जिन्यापाशीच थांबवलं आणि दार वाजवून आत गेल्या.

खोली नीटनेटकी होती. बाईंना वाटलं होतं पसारा असेल. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती, आणि तिच्या कडेला एक मुलगा बसला होता. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट, पाठीला दप्तर. पायात बूट, नाड्यांची दोन्ही फुलं सारखी.

"या, बाई," तो म्हणाला. उठला मात्र नाही. "शिक्का झालाय माझा."

"शिक्क्यासाठी नाही आले. गिऱ्हाईक म्हणून आलेय."

"काय सांगता."

"कर्मचाऱ्यांनाही भरायचंय. माझंच राहिलंय. निरंक चालत नाही म्हणे."

तो हसला. हसणं छान होतं त्याचं, गिऱ्हाइकाला बरं वाटेल असं. बाई समोरच्या पलंगावर बसल्या. त्याने छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

"तुम्ही दिवसभर ऐकता," तो म्हणाला. "मग घरी कुणी बोलायला लागलं की 'हं' म्हणता. ते 'हं' तुम्हाला इतकं छान जमलंय, की समोरच्याला कळतच नाही तुम्ही ऐकत नाही ते. परवा घरात कुणीतरी काहीतरी महत्त्वाचं सांगितलं. तुम्ही 'हं' म्हणालात. आता काय सांगितलं होतं ते विचारायची सोय राहिली नाही." त्याने खाली बघितलं. "चालेल? थोडं वाढवून देऊ?"

बाईंना कानशिलं तापल्यासारखी वाटली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी आलो होतो ना तुमच्याकडे. तेव्हा तुम्ही म्हणत होतात, हं." त्यात तक्रार नव्हती. कापडाचं माप सांगावं तसं त्याने सांगितलं. "रांगच केवढी होती बाहेर."

चुकलं म्हणावं असं बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण मग या पोराला उलट त्यांचीच समजूत घालत बसावं लागलं असतं, आणि त्याने ती फार सुरेख घातली असती.

"चालेल," त्या म्हणाल्या. "हे माझंच आहे. आता तुझं सांग."

"माझं संपलं, बाई. सगळा माल वाटून टाकला. बूट खांबाला, फोन भोंग्याला, जेवण मामाला." तो एकेक बोट मिटत होता. "गंमत माहितेय का, दुसऱ्याच्या अंगावर घातलं की ते बरं दिसतं. खांबाच्या अंगावर तर इतकं शोभलं, की मला वाटलं, हे याचंच असणार, मी उगाच इतके दिवस वापरलं."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "फारच छान आहे. म्हणून मला नको."

"म्हणजे?"

"हेसुद्धा तू बनवलंस. मी दारातून आत आल्यावर बनवलंस. मला तसलं नको. वाईट सांग. नीट जमलं नाही असं सांग."

तो पुन्हा छताकडे बघायला लागला. बाई थांबल्या. खाली मैदानावर कुणीतरी चेंडू आपटत होतं, मग तेही थांबलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. विनोद येतोय असं वाटलं, पण आला नाही.

"मला," तो म्हणाला. "नाही. म्हणजे तसं काही झालं नाही. घरचे चांगले आहेत. आई चांगली आहे. ते नाही. सकाळी हे... घालतो मी. रोज. जायचंच असतं. मग इथं असं," त्याने छातीवर हात ठेवला, मग पोटावर. "इथं नाही. कुठं ते कळत नाही. जड पण नाही. काही... मला सांगता येत नाहीये."

"येतंय. चालू दे."

"पोरं म्हणतात, भारी लिहितोस. मी लिहीत नाही. मी बसतो. मला... बाई, मी खूप दिवस झाले नुसता बसतो."

त्याचं नाक वाहायला लागलं आणि ते त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने पुसलं.

बाईंनी आवाज होता तसाच ठेवला. "एक सरळ विचारते, तूही सरळ सांग. जगू नये असं वाटतं का?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. एवढं सोपं कुणी विचारू शकतं याचंच नवल वाटल्यासारखा.

"ठरवलं काही नाही," तो म्हणाला. "पण सकाळी जाग आली की वाईट वाटतं. आली म्हणून."

"दुकान बंद करणार होतास ते?"

"ते... माहीत नाही. खरंच माहीत नाही. फक्त बंद करायचं होतं."

"बरं झालं सांगितलंस. आता माझं ऐक. हे तुझ्या एकट्याने उचलायचं काम नाही, आणि माझ्याही एकटीचं नाही. मी इस्पितळात होते तिथे एक डॉक्टर आहेत. डोक्याचं, मनाचं तेच बघतात. फार बोलत नाहीत, औषध लागलं तर देतात, नाही लागलं तर तसं सांगतात. आपण त्यांच्याकडे जाऊ. आज."

"आज नको. उद्या प्रॅक्टिकल आहे."

"आजच."

"माझी हजेरी..."

"तुझी हजेरी लागतेय. त्याची काळजी नको. तू निवांत चल."

यावर तो हसला, पण हे हसू मघाचं नव्हतं. तिरकं होतं, एका बाजूला जास्त वर गेलं, आणि बाईंना ते जास्त आवडलं.

"घरी सांगणार?" त्याने विचारलं.

"तू सांगशील. मी शेजारी बसेन. तुला नाही जमलं तर मी सांगेन, तू शेजारी बस."

तो उठला. एकदम नाही. आधी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकले, थोडा थांबला. बाई उठल्या नव्हत्या, त्यामुळे त्याला घाई झाली नाही. मग तो उभा राहिला.

जिन्यापाशी खांब उभा होता. त्याने मित्राकडे एकदा बघितलं. मग त्याच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

खाली अधीक्षकांनी पुन्हा अडवलं. "कुठे?"

"दवाखान्यात," बाई म्हणाल्या.

"कुणाला काय झालं?"

"याला."

अधीक्षकांनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भांग, शर्ट, बूट. "हा तर सगळ्यांत व्यवस्थित आहे. याचा सत्कार आहे ना? कारण काय लिहू?"

"तब्येत बरी नाही, असं लिहा," बाई म्हणाल्या. "तेवढंच लिहा."

ते लिहीत असताना बाईंच्या पर्समधला फोन वाजला. प्राचार्य होते. "बाई, आली का तुमची समस्या? सॉफ्टवेअर पाचला बंद होतंय."

"आलीय, सर," बाई म्हणाल्या. "पण लिहायला वेळ लागेल." आणि फोन बंद करून टाकला.

रस्त्यावर ऊन होतं. इस्पितळ पायी जाण्याइतकं जवळ होतं आणि मुलाला चालायचं होतं, म्हणून तिघं चालत निघाली. खांब दोन पावलं मागे राहिला. मुलगा बोलायला लागला होता आणि आता थांबत नव्हता. मागचं पुढे करत होता. एकच गोष्ट दोनदा सांगत होता, 'म्हणजे' म्हणून पुढचं विसरत होता. कुठे एखादं वाक्य सुंदर व्हायला लागलं की स्वतःच अडखळून ते मोडत होता. बाई शेजारून चालत होत्या. पुढचा शब्द त्यांना बऱ्याचदा आधीच कळत होता, तरी त्यांनी त्याचं एकही वाक्य पुरं करून दिलं नाही, आणि 'हं' तर एकदाही म्हटलं नाही.